कटिंगचा ग्लास: गिंपमध्ये काच काचेसारखी दिसण्यासाठी

पाटीपेन्सिल

लेयरची (चित्राच्या थराची) ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, तीस टक्क्यांवर आणायची, कडेने पांढरी रेघ मारायची, वर एक तिरका पांढरा पट्टा टाकायचा, की झाली काच! शिकवणीचे बरेचसे व्हिडिओ एवढ्यावरच थांबतात. त्यातून जे तयार होतं ते प्लास्टिकच्या पिशवीसारखं दिसतं. इथे चित्रं काढणारे, फोटो एडिट करणारे, मुखपृष्ठं करणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

उदाहरणाला टपरीवरचा उभ्या पैलूंचा कटिंगचा ग्लास घेतलाय. काच रंगवताना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या एका ग्लासात आहेत, आणि खरा ग्लास समोर ठेवून ताडून पाहणं कुणालाही जमेल. सॉफ्टवेअर गिंप, चित्रं आणि फोटोंवर काम करण्याचं. फोटोशॉपवाल्यांनी मेनूची नावं तेवढी बदलून घ्यावीत.

माझं म्हणणं थोडक्यात असं की साध्या काचेत रंगवण्यासारखं स्वतःचं काही जवळपास नसतंच. दिसतं ते मागचं दृश्य, वाकून आलेलं. दिसतो तो आजूबाजूचा उजेड, पृष्ठभागावरून परतलेला. आणि काच जिथे जाड आहे तिथे थोडा रंग. म्हणून ग्लासला हात घालण्याआधी ग्लासशिवायचं चित्र पूर्ण करा. टेबल, मागची भिंत, खिडकी कुठल्या बाजूला, सगळं. मागे नुसता पांढरा कॅनव्हास असेल तर वाकवायलाच काही उरत नाही.

मागचं दृश्य वाकवणं: पार्श्वभूमीच्या लेयरची प्रत काढा आणि तिच्यावर फिल्टर्स > मॅप > डिस्प्लेस चालवा. या फिल्टरला करड्या रंगाचे नकाशे लागतात, एक आडव्या सरकण्यासाठी आणि एक उभ्या. मधला करडा म्हणजे पिक्सेल जागेवर, काळा म्हणजे एका बाजूला, पांढरा म्हणजे दुसऱ्या बाजूला. पैलू सपाट असतील तर नकाशात प्रत्येक पैलूला एकच सपाट करडी छटा द्या, शेजारच्याला दुसरी. दृश्य प्रत्येक पैलूत अखंड राहतं, फक्त सांध्यावर तुटून सरकतं. पैलू फुगीर असतील तर प्रत्येकात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ग्रेडियंट हवा. ग्रेडियंट टूलमध्ये रिपीटला सॉटूथ निवडलं की तो आपोआप पुन्हा पुन्हा येतो. सरकवण्याचा आकडा पैलूच्या रुंदीपेक्षा मोठा ठेवला की प्रत्येक पैलूत मागच्या दृश्याची छोटीशी, डावी-उजवी उलटलेली प्रत उमटते. खऱ्या फुगीर पैलूत नेमकं हेच होतं. प्रत उलटण्याऐवजी नुसतीच आकसली तर आकड्याला वजा चिन्ह लावा.

मग त्या लेयरला ग्लासच्या आकाराचा मास्क द्या, म्हणजे लेयर तेवढ्याच भागात दिसेल. वाकवण्याचं काम एवढ्याने झालं. ओपॅसिटी शंभर टक्केच राहू द्या.

आता चहा. माझ्या मते ग्लास इथेच सगळ्यात जास्त फसतो. आपल्याला माहीत असतं की काचेला जाडी आहे, म्हणून आपण बाहेरच्या रेषेपासून थोडी जागा सोडून आत चहा भरतो. खरा ग्लास डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा. चहा थेट बाहेरच्या कडेपर्यंत भिडलेला दिसतो, मधे काच दिसतच नाही. कारण गोल काच आतल्या वस्तूला भिंगासारखी रुंद करून दाखवते. साध्या काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती वळवते त्याचा आकडा) सुमारे १.५, त्यामुळे आतली त्रिज्या बाहेरून दीडपट दिसते. बाहेरची त्रिज्या ३ सेंमी आणि काच ३ मिमी जाड धरा. आतली त्रिज्या २.७ सेंमी, तिची दीडपट ४ च्या वर जाते. ती ३ च्या पलीकडे दिसू शकत नाही, म्हणून चहा ग्लासची पूर्ण रुंदी व्यापतो. बाजूने काचेची जाडी दिसायला आतली त्रिज्या २ सेंमीपेक्षा कमी, म्हणजे काच एक सेंमीहून जाड हवी. तेव्हा चहाच्या पातळीखाली बाजूने काचेची पट्टी काढूच नका. काच दाखवायची ती चहाच्या वरच्या रिकाम्या भागात आणि बुडाच्या जाड थरात. बुडाच्या त्या थरात वरच्या चहाचा रंग थोडा उतरतो, तोही घ्या.

दुधाचा चहा अपारदर्शक, त्यामुळे त्याच्यामागचं दृश्य दिसायचा प्रश्न नाही. पाण्याने भरलेला ग्लास असेल तर मात्र अख्खा ग्लास भिंग होतो. ग्लासच्या मध्यापासून साधारण एका व्यासापलीकडे असलेली वस्तू डावी-उजवी उलटते, त्याच्या अलीकडची नुसती रुंद होते. रिकाम्या ग्लासात हे होत नाही, मधल्या भागातून दृश्य जवळपास जसंच्या तसं दिसतं.

परावर्तन: काचेवर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के एका पृष्ठभागावरून परततो. ६० अंशांच्या कोनाला तो ९ टक्क्यांच्या आसपास जातो आणि ८० अंशांना एकदम ३९ टक्क्यांच्या घरात. गोल ग्लासवर ६० अंशांची जागा म्हणजे मध्यापासून त्रिज्येच्या ८७ टक्क्यांवर, आणि ८० अंशांची ९८ टक्क्यांवर. म्हणजे कडेची चमक शेवटच्या चिंचोळ्या पट्टीतच वाढते. मध्यापासून कडेपर्यंत मऊ ग्रेडियंट टाकला की ग्लास दुधी दिसू लागतो, त्याचं कारण हे. हायलाइटलाही आकार असतो. खिडकी असेल तर गज-चौकटीसकट उभी, निमुळती झालेली खिडकी. तिच्या कडा धारदार ठेवा, ब्लर करू नका.

बुडाला आणि ओठाला अगदी हलका हिरवा, मल्टिप्लाय मोडमध्ये (यात वरचा रंग खालच्याला गडद करतो). साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे प्रकाश काचेतून लांबचा प्रवास करतो तिथे हिरवट झाक येते. बाकी ठिकाणी रंग नको.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

भिंगरी

मस्त धागा, वाखू (वाचनखूण) साठवली आहे! चहा कडेपर्यंत दिसतो हे वाचून स्वयंपाकघरात जाऊन बघून आले. खरंच की!

एक अडचण आहे. सॉटूथने पैलू छान आले, पण ग्लास गोल वाटतच नाही. सगळी पाटी सपाट दिसतेय.

पाटीपेन्सिल

@भिंगरी, पैलू सारख्या रुंदीचे आले म्हणून. गोलावरचे सारखे पैलू समोरून बघताना कडेकडे अरुंद होत जातात. समजा ग्लासला २० पैलू आहेत, पैकी १० समोर. मध्यरेषेपासून एका बाजूचे पाच घ्या. त्यांच्या रुंदी त्रिज्येच्या अनुक्रमे ३१, २८, २२, १४ आणि ५ टक्के. शेवटचा जवळपास रेषेसारखाच. गाइड लावून घ्या आणि प्रत्येक पट्टा वेगळा सिलेक्ट करून त्यात ग्रेडियंट भरा. थोडं वेळखाऊ आहे, पण एकदा केलेला नकाशा जपून ठेवला की पुन्हा वापरता येतो. ग्लास खाली निमुळता असेल तर तयार नकाशाला पर्स्पेक्टिव्ह टूलने तेवढाच निमुळता करा.

उजेडवेडा

धागा आवडला. मी काचेच्या वस्तूंचे फोटो काढतो, त्या बाजूने थोडी भर घालतो. चित्र काढणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

काचेची कड काळी दाखवायची की पांढरी, हा प्रश्न चित्रकारांना नेहमी पडतो. फोटोग्राफीत यासाठी ब्राइट फील्ड आणि डार्क फील्ड अशा दोन पद्धती आहेत. पहिलीत ग्लासच्या मागे उजळ पांढरा पडदा असतो आणि तो फ्रेममध्ये दिसतो तेवढाच मोठा ठेवतात. त्याच्या बाहेर सगळा अंधार. अशा वेळी ग्लासच्या कडा काळ्या येतात. दुसरीत बरोबर उलटं. मागे काळं, आणि त्या काळ्याच्या भोवती, फ्रेमच्या बाहेर उजेड. मग कडा पांढऱ्या लकाकतात.

कडेला काच प्रकाशाला इतकं वळवते की तिथून आपल्याला सरळ मागचं न दिसता पार बाजूचं दिसतं. म्हणून कडेचा रंग म्हणजे फ्रेमबाहेरचा रंग. चित्र काढताना स्वतःला विचारायचं, या टेबलाच्या डाव्या-उजव्या बाजूला, चित्रात न दिसणारं काय आहे? टपरी असेल तर एका बाजूला रस्त्याचा उजेड, दुसऱ्या बाजूला टपरीचा अंधार. मग ग्लासची एक कड उजळ आणि दुसरी गडद. दोन्ही कडांना एकच पांढरी रेघ मारली की ग्लास चित्रातून सुटून बाहेर येतो.

घरी करून बघायचं तर मोबाईल, एक थर्माकोलचा तुकडा आणि काळं कार्डशीट पुरतं. ग्लास खिडकीसमोर ठेवा, आधी मागे थर्माकोल धरून फोटो घ्या. मग थर्माकोल काढून तिथे काळा कागद धरा, खिडकीचा उजेड कागदाच्या चारही बाजूंनी येईल एवढाच लहान. दोन्ही फोटो शेजारी लावून चित्र काढा.

घाईगर्दी

सगळं खरं, पण ज्यांना दिवसाला दोन-तीन बॅनर करून द्यायचे असतात त्यांचं काय? फोटोशॉपात अक्षरांच्या लेयरचं फिल ० करायचं, ओपॅसिटी १०० ठेवायची. फिल कमी केल्याने लेयरचा रंग जातो पण लेयर स्टाइल शाबूत राहते. मग बेव्हल अँड एम्बॉस, आतून हलकी इनर शॅडो, वर पातळ ग्रेडियंट. पाच मिनिटांत काम. गिऱ्हाईक खूश.

पाटीपेन्सिल

@घाईगर्दी, फिल आणि ओपॅसिटीतला फरक बरं झालं तुम्ही सांगितलात, अनेकांना तो माहीत नसतो. एकरंगी पार्श्वभूमीवर तुमची पद्धत चांगली चालते, कारण तिथे वाकवायला काही नसतंच. पण मागे फोटो असेल, तर बेव्हल फक्त कडांवर उजेड-सावली टाकतं, मागचा फोटो जागचा हलत नाही. डोळ्याला ते लगेच कळतं. त्याच फाइलमध्ये मागच्या फोटोची प्रत डिस्प्लेस करून अक्षरांच्या आकारात क्लिप करा. आणखी पाच मिनिटं लागतील, आणि फरक लांबूनही दिसेल.

जुनाजाणता

फोटोशॉपमध्ये डिस्प्लेस वापरणाऱ्यांसाठी: नकाशा वेगळ्या पीएसडी फाइलमध्ये सेव्ह करावा लागतो. त्यात पहिला चॅनल आडवं सरकवतो, दुसरा उभं. एकच चॅनल असलेली करडी फाइल दिलीत तर चित्र तिरकं सरकतं, आणि मग माणूस गोंधळतो. १२८ म्हणजे स्थिर. स्केल १०० ठेवलं तर जास्तीत जास्त सरकणं १२८ पिक्सेल, म्हणून मोठ्या छपाईच्या फाइलला स्केल वाढवावं लागतं.

गिंपवाल्यांनी नकाशाची फाइल इमेज > प्रिसिजनमधून १६ बिट किंवा ३२ बिट करून घ्यावी. ८ बिटमध्ये करड्याच्या २५६च पायऱ्या, त्यामुळे मोठ्या सरकण्यात ग्रेडियंटच्या जागी पायऱ्या उमटतात. आणि एक सवय लावून घ्या: सगळा मधला करडा भरलेल्या नकाशावर फिल्टर आधी एकदा चालवून बघा. चित्र तसूभरही हलता कामा नये. हललं तर तो करडा मधला नाही, तो आधी नीट करा.

परावर्तनाच्या लेयरचा मोड हा मुद्दा पाटीपेन्सिल यांच्या लेखात यायला हवा होता. परतलेला प्रकाश मागून आलेल्या प्रकाशात मिळवला जातो, म्हणून मोड ॲडिशन, आणि तोही लिनिअर लाइटमध्ये, म्हणजे रंगांचे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात धरून. गिंप २.१० पासून, म्हणजे २०१८ पासून, ही सोय आहे. नॉर्मल मोडमध्ये पांढरा पट्टा ठेवला तर तो मागचं झाकतो. काचेवरचं प्रतिबिंब काही झाकत नाही. गडद चहावर खिडकी ठळक दिसते आणि उजळ भिंतीवर तीच खिडकी जवळपास विरून जाते. ॲडिशनमध्ये हे आपोआप होतं.

पाटीपेन्सिल

+१. चहाच्या वरचा रिकामा भाग आणि चहाचा भाग यांवर एकच हायलाइट वेगळा दिसतो, तो यामुळेच. ज्यांना ॲडिशनमध्ये पांढरा फार लवकर भाजल्यासारखा वाटतो त्यांनी स्क्रीन वापरावा. तो मागच्या उजळ भागाला सांभाळून घेतो. मी मोठ्या हायलाइटला ॲडिशन आणि बारीक चमकांना स्क्रीन ठेवतो.

कोडकुटी

हेच ब्राउझरमध्ये करणाऱ्यांसाठी. ॲपलने जून २०२५ मध्ये लिक्विड ग्लास ही काचेसारखी दिसणारी शैली दाखवल्यापासून वेबसाइटवर काचेची बटणं मागणारे वाढलेत. एसव्हीजीमध्ये (वेबवरच्या रेखाचित्रांच्या फॉरमॅटमध्ये) डिस्प्लेसमेंट मॅपचा फिल्टर आहे आणि त्याचं गणित वर सांगितलंय तेच: नकाशाच्या रंगाच्या किमतीतून ०.५ वजा करायचं आणि स्केलने गुणायचं. फक्त तिथे एक खाच आहे. फिल्टरमधले रंग मुळातच लिनिअर धरले जातात, त्यामुळे १२८ चा करडा ०.५ न राहता ०.२२ च्या आसपास येतो आणि अख्खं चित्र एका कोपऱ्याकडे सरकतं. फिल्टरची रंगपद्धत एसआरजीबी (पडद्यावरच्या रंगांची नेहमीची पद्धत) करून टाका, जागेवर येईल. जुनाजाणता यांनी सांगितलेली करड्याची चाचणी इथेही तंतोतंत लागू पडते.

वेलांटी

दंडवत घ्या सगळ्यांनी. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ करतेय. अंकाचं नाव काचेच्या जाड अक्षरांत हवंय, मागे पणत्यांचा फोटो. अक्षरांचा नकाशा कसा करायचा? ग्लासला पैलू तरी आहेत, अक्षरांना उतार कुठून आणू? शिवाय फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटतात, तेही आहेच.

पाटीपेन्सिल

@वेलांटी, जोडाक्षरांचं आधी. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय होता, तुमच्याकडे तो असेल तर चालू करून फाइल पुन्हा उघडा. गिंपमध्ये युनिकोड देवनागरी मुळातच नीट जुळते.

फॉन्ट जाडच घ्या. एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे दोन्ही मोफत आहेत आणि त्यांची जाड वजनं या कामाला छान आहेत. बारीक फॉन्टमध्ये काच दाखवायला जागाच मिळत नाही.

आता उतार. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवा आणि त्यावर डिस्टन्स मॅप चालवा. अक्षराच्या कडेपासून आत जावं तसं पांढरं होत जातं, म्हणजे मधे उंच आणि कडेला उतरती अशी उंची मिळते. तिला थोडा गॉशियन ब्लर द्या. शिरोरेषा आणि काना जिथे मिळतात तिथे अक्षर रुंद होतं, म्हणून तिथे उंचीची गाठ येते. देवनागरीत हे प्रत्येक अक्षराला होतं, आणि ब्लर दिला नाही तर शिरोरेषेवर गाठींची रांगच दिसते. ब्लरनंतर गाठ मऊ होते आणि ओतलेल्या काचेसारखी दिसते. ती पूर्ण घालवू नका, चांगली वाटते.

मग त्या उंचीवर नॉर्मल मॅप फिल्टर. त्याच्या लाल चॅनलमध्ये आडवा उतार असतो, हिरव्यात उभा. कलर्स > कंपोनंट्स > डिकंपोज करून दोन्ही वेगळे काढा आणि डिस्प्लेसला दोन नकाशे म्हणून द्या. अक्षरांच्या मधला भाग जवळपास सपाट, म्हणून पणत्या तिथे सरळ दिसतील, आणि कडांना ज्योती ओढल्यासारख्या वाकतील. तुमच्या चित्रात मागे अंधार आणि उजेडाचे ठिपके आहेत, म्हणजे उजेडवेडा यांची डार्क फील्ड. कडा उजळ ठेवा, पणत्यांच्या पिवळ्यात. पांढऱ्या नकोत.

उजेडवेडा

@वेलांटी, सावली विसरू नका. अक्षरं जमिनीवर उभी असतील तर त्यांची सावली एकसंध काळी करू नका. काच प्रकाश अडवत नाही, दुसरीकडे वळवते. म्हणून सावलीची बाह्यरेषा गडद, आणि आत वेडीवाकडी उजळ रेघ, जिथे वळलेला प्रकाश गोळा झालाय. ती रेघ सावलीच्या बाहेरच्या जमिनीपेक्षाही उजळ असू शकते. चहाच्या ग्लासला मात्र चहाच्या उंचीपर्यंत भरीव सावली पडेल, आणि जाड बुडाशी थोडा उजेड फुटेल.

भिंगरी

नवीन रुंदी टाकून केला, आता ग्लास गोल झाला!! शेवटचं एक विचारते. चहा गरम आहे हे दाखवायचंय. वर वाफेचे पांढरे झुपके काढले तर चित्र खूप गोड-गोड होतंय. काचेवरच वाफ धरलेली दाखवता येईल का?

पाटीपेन्सिल

येईल, आणि तेच जास्त खरं वाटेल. वाफ चहाच्या पातळीच्या वर, काचेच्या आतल्या बाजूला धरते. तेवढ्या पट्टीत मागच्या डिस्प्लेस केलेल्या लेयरची आणखी एक प्रत घ्या, गॉशियन ब्लर द्या आणि कर्व्ह्जने सावल्या थोड्या वर उचला, म्हणजे ती धुरकट होईल. बाहेरच्या पृष्ठभागावरचे हायलाइट धारदारच राहू द्या, कारण धुकं आत आहे. मास्कच्या वरच्या कडेला ते विरत न्या, ओठापाशी काच स्वच्छ असते.

मग त्या मास्कमधून एखाद-दुसरा ओघळ बारीक कडक ब्रशने पुसून काढा. ओघळात मागचं पुन्हा स्पष्ट दिसेल. ओघळाच्या टोकाला थेंब येईल. थेंब हे छोटं भिंग असल्यामुळे त्यात दृश्य वरचं खाली होतं. मागे वर उजळ आकाश आणि खाली गडद टेबल असेल तर थेंबात उजेड खालच्या बाजूला भरा आणि वरची बाजू गडद ठेवा. वर खिडकीचा एक टिंबाएवढा हायलाइट, ॲडिशनमध्ये. थेंब तीन-चारच काढा, आणि सगळे वेगवेगळ्या मापाचे.